लॅमिनेट केलेला गरुड

१४ जुलै २०२५, सोमवार

वही, फार उशीर केला, रागावू नकोस. तीन आठवडे तुला हात लावला नाही. लिहायला बसलो असतो तर तेच लिहावं लागलं असतं — म्हणून टाळलं. आता लिहून टाकतो.

मानसीचं पान मी लॅमिनेट करून आणलं!

मानसी, माझी नात, पुण्याला होस्टेलवर परत जाताना तिच्या पत्त्यांच्या खेळाचा कॅट माझ्याकडे ठेवून गेली. चाळीस पानं. वर प्राणी-पक्षी, खाली इंग्रजी. हा आपला राजा-राणीचा खेळ नव्हे. आपला कॅट आपणच पानं निवडून जुळवायचा आणि समोरच्याच्या कॅटशी झुंजवायचा. मे महिन्यात तिनं मला आणि तिच्या आजीला, हिराला, शिकवला. जाताना म्हणाली, "आबा, तीन ऑगस्टला स्पर्धा आहे. दोनला मी न्यायला येते. तोवर आजीकडे माझा जुना कॅट द्या आणि तिच्याशी खेळून बघा. नवा कुठं अडतो ते लिहून ठेवा." मागच्या वर्षी पहिल्याच फेरीत हरून आली होती पोर. दोन दिवस धड जेवली नव्हती.

या घरात आता माझ्या हातात कुणी काही देत नाही. विजेचं बिल सून मोबाइलवर भरते. गॅसवाल्याशी हिरा बोलते. एवढं एक काम मिळालं होतं — आणि मी काय केलं!

नव्या कॅटातलं भारी पान म्हणजे गरुड. "सोन्यासारखं चमकतं, आबा," असं ती फोनवर सांगायची. मी उघडून पाहिलं तर चमक कुठे आहे? वाटलं, लोणावळ्याची हवा. इथे चपलांना बुरशी येते, काडेपेटी पेटत नाही, तिथे चमक काय टिकणार? घाबरलो. रेशनकार्ड, आधार, पेन्शनचा कागद, सगळं मी लॅमिनेट करून ठेवलंय. एकावरही डाग नाही. तसाच बाजारात गेलो. झेरॉक्सवाल्यानं दोन मिनिटांत करून दिलं. कडक, गुळगुळीत. खूश होऊन घरी आलो.

१५ जुलै

काल पुढचं लिहवेना.

शेजारची चैताली हाच खेळ खेळते. तिला मोठ्या कौतुकानं दाखवलं. तिनं कपाळाला हात लावला. "आबा! हे काय केलंत? जाड झालं की पिसताना बोटाला कळतं. स्पर्धेत असलं पान चालत नाही."

"मग प्लास्टिक सोलून काढू."

"पान पण सोलून निघेल."

मानसीला सांगू नको म्हणालो. "मी नाही सांगत," म्हणाली, "पण तुम्ही सांगा."

१९ जुलै

मानसीचा फोन. "कॅट बरा आहे ना, आबा?"

"बरा आहे," म्हणालो. एकोणचाळीस पानं बरी आहेत. पण जेवण गेलं नाही.

२२ जुलै, मंगळवार

हिराला सांगून टाकलं. मला वाटलं, चिडेल. तर म्हणते, "आवं, मंग त्या गरुडाबिगर जुळवा की! दुसरी पाखरं न्हाईत व्हय डब्यात?"

बिस्किटाच्या डब्यात मानसीची जादा पानं आहेत. सगळी चटईवर मांडली. गरुड एकटा गेला नाही, ही खरी अडचण. त्याची तीन अंडी आणि दोन घरटी होती, ती त्याच्याशिवाय निकामी. म्हणजे सहा जागा रिकाम्या. कुठलंही पान डावात उतरवायचं तर आधी बळाची पानं जमवावी लागतात; गरुडाला सहा लागायची. डब्यात मुंगसं सापडली. एका बळात उतरतात. दिसायला अगदी किरकोळ. चार मुंगसं घातली, दोन पानं बळाची.

२७ जुलै, रविवार

चिक्कीच्या कारखान्यात मी पस्तीस वर्षं पाक बघायचो. पाक झाला का ते कळायला कुणी कढई ओतत नाही. गार पाण्यात थेंब टाकायचा. गोळी टणक वाजली की कढई खाली.

आज कॅटाचं तसंच केलं. पुरा डाव खेळायचाच नाही. पिसायचं, वरची सात पानं घ्यायची, त्यातून काही उतरवता येतं का बघायचं, अडलं तर वहीत रेघ ओढायची, परत पिसायचं. आधी मानसीचा कॅट. गरुडाच्या जागी लग्नपत्रिकेचा तुकडा कापून घातला. पन्नास वेळा. मग मुंगसांचा, पन्नास वेळा.

गरुडाचा हात एकवीस वेळा अडला. मुंगसांचा आठ वेळा.

विश्वास बसेना. परत केलं. एकोणीस आणि नऊ!

"दिसभर पिसताय नुसतं. येक डाव खेळा माज्यासंगं," हिरा म्हणाली. चार डाव झाले. तीन मी जिंकले. तिसऱ्याला तिनं पानं टाकली. "तुमचं मुंगूस लय चावट हाय!"

३० जुलै

पण मी हे माझी चूक झाकायला तर करत नाही ना? आकडे माझे, वही माझी. अडलेलं असून 'नाही अडलं' लिहिलं असेल तर?

हिराला समोर बसवलं. अडलं की तिनं वाटीत शेंगदाणा टाकायचा, निकाल तिचा. परत पन्नास-पन्नास. गरुडाच्या वाटीत अठरा दाणे, मुंगसांच्या वाटीत सात.

"झालं समाधान?" म्हणाली आणि दाणे खाऊन टाकले. मोजदाद संपली!

१ ऑगस्ट

उद्या येणार. काय बोलायचं ते तीनदा लिहून खोडलं.

२ ऑगस्ट, शनिवार

तिनं पाठीवरची पिशवीही उतरवली नव्हती, तोच पान पुढे धरलं. "मानसी, माझ्या हातून..."

तिनं पान उलटसुलट पाहिलं. वाकवून पाहिलं. आणि खाली बसून हसायलाच लागली. "आबा, हे खरं नाहीच! सरावासाठी पुण्यात छापून घेतलेलं. खरं माझ्याकडेच आहे. या ओलीत खरं कशी ठेवीन तुमच्याकडं?"

मीही हसलो. महिनाभराचं ओझं उतरलं. पण शेवटचं वाक्य लागलं. म्हणजे माझ्याकडे तिनं ठेवलंच नव्हतं.

मग तिनं वही मागितली. रेघा मोजल्या. हसणं थांबलं. दुपारभर चैतालीशी मुंगसांचा कॅट खेळली. पाचांत चार जिंकली.

३ ऑगस्ट, रविवार

सकाळच्या गाडीनं गेली. मुंगसं घेऊन. दारात खरा गरुड माझ्या हातावर ठेवला. "आता लागणार नाही. तुमच्याकडं राहू दे, आबा. लॅमिनेट नको!"

खरंच सोन्यासारखा चमकतो. बाहेर धो धो पाऊस चाललाय. आधी तांदळाच्या डब्यात ठेवला, मग कपाटात, आता परत हातात घेऊन बसलोय. मानसी, जिंकलीस की हरलीस ते मागाहून सांग. हा कुठं ठेवू ते आधी कळव. लवकर कळव गं.