मोहाखालची आग

माय, तुह्या आन बाबाच्या पायावर डोकं ठेवतो.

मी बरी आहो. गुड्डी माह्याजवळच जेलात आहे, तिले दूध भेटते. बाबाचा दमा कसा आहे?

कोर्टानं मले फुकटची वकीलबाई देल्ली. चांगली आहे, गुड्डीले मांडीवर घेते. तिनं इचारलं, "मोहाच्या झाडाखालचा पाला काहून जाळला?" मी म्हटलं, "बाई, न जाळता फुलं वेचाचे कसे? सारं गाव जाळते."

थे म्हणे, "मंग गावातलं कोणी कोर्टात सांगाले आण, का तू आधी भवताल झाडून घेतलं होतं, आग हवेनं जंगलात गेली. नाही त कठीण आहे. ढोरं चारणारा इश्वरबुवा आगीत मेला, पोरी."

कोण येईल माय? जो बोलंल त्यालेच जंगलचे साहेब इचारतीन, तू कसा वेचतं?

आपली लहानी चंदा संगं होती. भवताल तिनंच झाडलं होतं. थे यतो म्हणंल, पण येऊ देऊ नोको. दोन जीवाची आहे, तिलेही धरतीन. मी वकीलबाईले सांगून देल्लं का मी एकटीच होती.

भेटीले आली का गुड्डीले घेऊन जाय. थे आता जेलाच्या शिट्टीवर उठाले शिकून राहिली.

तुही पोरगी,
तृप्ती