स्वस्त विमानाची रंगीत तालीम

४ फेब्रुवारी

ताईचा फोन. हसत हसत म्हणाली, "डोळे चाललेत गं माझे. डॉक्टरांनी हात टेकले. तू म्हातारी झालेली मला बघायचीय. नजर आहे तोवर ये!"

मी म्हटलं, मी काही म्हातारीबितारी झाले नाहीये. फोन ठेवला आणि शिलाई मशीनवर डोकं टेकून रडले. मोठी बहीण ती माझी, समुद्रापलीकडे राहते. दरवर्षी आम्ही 'पुढच्या वर्षी नक्की' जाणार असतो.

५ फेब्रुवारी

विमानं दोन. एक चांगलं. पाय पसरा, गरम जेवा, पांघरूण घेऊन झोपा! ते आमच्या खिशाला पुढच्या वर्षीच झेपेल. दुसरं स्वस्त. उद्या म्हटलं तरी निघता येईल, पण अख्खी रात्र आणि वर अर्धा दिवस अंग चोरून बसायचं. पाणीसुद्धा विकत!

हे म्हणाले, "पुढच्या वर्षी जाऊ की, ऐटीत."

मी म्हटलं, "ताईच्या डोळ्यांनी तुम्हाला कळवलंय का, पुढच्या वर्षापर्यंत थांबतो म्हणून?"

हे गुडघे चोळत म्हणाले, "गुडघ्यांना विचारून सांगतो."

उंच माणसाशी लग्न करू नये.

८ फेब्रुवारी

गुडघ्यांचं उत्तर अजून आलेलं नाही.

१० फेब्रुवारी

आमचा धंदा खुर्च्यांचा. हे सांगाडा करतात, मी गादी शिवते. आणि यांचा हट्ट असा की, गिऱ्हाइकाला बसवून बघितल्याशिवाय खुर्ची दुकानाबाहेर जाणार नाही. एकदा एका बाईंनी नवऱ्यासाठी आरामखुर्ची सांगितली, तर यांनी त्या नवऱ्याला ऑफिसातून बोलावून घेतलं होतं!

आज दुकानात मागे जाऊन बघते तर काय — त्या स्वस्त कंपनीच्या साइटवरून मापं उतरवून घेतलेली आणि तिघांचा बाक ठोकणं चाललेलं! समोर, तेवढ्याच अंतरावर, पुढच्या सीटची पाठ म्हणून एक फळी. "बसायचं की नाही ते बसून ठरवू," म्हणाले. गिऱ्हाइकांच्या खुर्च्या तिकडे खोळंबल्यात, आणि हे इकडे विमान बांधतायत!

मी कपाळावर हात मारला. मग कापड कापायला घेतलं. काय करणार! गादी जरा जाड भरली तर ओरडले, "लबाडी नको!"

१३ फेब्रुवारी

झाली बाई तालीम!

हे कडेला, कारण पाय. मी मध्ये. खिडकीशी तिसरं कुणीतरी हवं म्हणून खालच्या बेकरीवाल्यांना बोलावलं. माणूस ऐसपैस. येताना पिशवीत पाव घेऊन आले. "विमानात जेवण मिळत नाही ना!" पहाटे भट्टी पेटवायची असते, त्यामुळे दिवेलागणीलाच त्यांचे डोळे मिटतात. बसले, आणि पाच मिनिटांत माझ्या खांद्यावर डोकं टाकून घोरायला लागले. मी यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "उठवू नकोस. खऱ्या विमानातही असंच होणार."

यांचे गुडघे फळीला टेकलेले. "कसं वाटतंय?" मी विचारलं.

"घडी करून पेटीत ठेवल्यासारखं."

हात ठेवायच्या दांडीवरून आमचं वाजलं. कोपर यांचं की माझं? शेवटी तह झाला, निम्मी वाट दांडी माझी, निम्मी वाट यांची.

मग नुसतेच बसून राहिलो. उठायची सोयच नव्हती! असे शेजारी शेजारी आम्ही कधी बसलो होतो कोण जाणे. दुकानात हे उभे आणि मी मशीनशी. हे एकदम म्हणाले, "ताई तुझ्यासारखीच दिसते, नाही?" मग मी सांगत सुटले. आम्हा दोघींत आरसा एकच. ती मागे उभी राहून माझी वेणी घालायची, आणि मी हलले की आरशातूनच डोळे वटारायची. ते वटारलेले डोळे आठवले आणि मला पुढे बोलवेना.

यांनी दांडीवरचं कोपर काढून घेतलं. म्हणाले, "घे. सगळी वाट तुझी."

१४ फेब्रुवारी

गुडघ्यांचा होकार आला!! लंगडत लंगडत जाऊन यांनी स्वतः तिकिटं काढली. स्वस्तातली.

ताईला कळवलं. ती ओरडलीच, "खरंच? दोघंही?" मग नाक ओढल्याचा आवाज. सर्दी झालीय म्हणाली. चोर कुठली!

१७ फेब्रुवारी

ताईसाठी पाठीला घ्यायची उशी शिवतेय. कापडांचे फोटो भाचीच्या फोनवर पाठवले. ताई म्हणाली, "तुला आवडेल तो रंग घे."

ताई! रिबिनीच्या रंगावरून जिने माझ्याशी आठवडाभर अबोला धरला होता, ती! वय झालं की माणूस निवळतं म्हणायचं. निळा घेतला.

बाकाचा फोटोही पाठवला होता. त्यावर नुसतं "झकास." हे खट्टू. "मापाबद्दल काहीच नाही बोलली?"

२० फेब्रुवारी

सामान म्हणजे माणशी एक इवलीशी बॅग. बाकी सगळं अंगावर चढवायचं! हे दोन स्वेटर आणि वर कोट घालून घरात फिरून बघतायत. खिशांत मोजे, चष्मा, औषधं. खाली वाकता येत नाही म्हणून बूट मला बांधायला लावले.

उशी बॅगेत मावत नाही. ओढणीने पोटाला बांधून नेणार. कुणी विचारलं तर सांगीन, माझंच आहे.

२२ फेब्रुवारी, विमानात

फजिती!! आमच्या सीटा शेजारी शेजारी नाहीतच! हे अगदी पुढे आणि मी पार शेपटाला. एकत्र बसायचं तर जागा आधी वेगळे पैसे भरून निवडायची असते. ते आम्ही वाचलंच नाही. गादीची जाडी वाचली, हे नाही! बाक काय, तालीम काय, तह काय — सगळं पाण्यात.

मी दोन परक्यांच्या मधोमध. दोघांनीही दांड्या बळकावल्यात. पुढे मान लांब केली की यांचं टक्कल दिसतं. तेवढाच आधार.

आत्ता ती हवाई सुंदरी आली आणि हसू दाबत म्हणाली, "पुढचे ते उंच काका विचारतायत, दांडी मिळाली का?"

मी म्हटलं, "त्यांना सांग, बेकरीवाले बरे होते."

२३ फेब्रुवारी

ताई दारात उभी होती, भाचीचा हात धरून. मी "ताई!" म्हटलं. ती हसली, पण माझ्याकडे बघून नाही. माझ्या जरा डावीकडे.

मागच्या पावसाळ्यापासूनच तिला काही दिसत नाही.

दोन्ही हातांनी माझं तोंड चाचपलं. कपाळ, गाल, हनुवटीखालचं लोंबतं. "झालीस की गं म्हातारी!" मग उशी हातात घेतली, कडेने बोट फिरवलं. "शिवण तिरकी गेलीय."

मी रडत रडत भांडले. नजर आहे तोवर ये, असं का म्हणालीस? खोटं का बोललीस?

"खरं सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, आता कसली घाई, पुढच्या वर्षी चांगल्या विमानाने जाऊ."

म्हणालो असतो.