उणे सात

४ मार्च

माझ्यावर सिनेमा निघतोय! दिग्दर्शक माझाच जुना विद्यार्थी. आज पटकथा वाचून दाखवली. त्यातले सर एकदाही कुणावर ओरडत नाहीत. ही आतून म्हणाली, "अहो, हे गृहस्थ कोण? यांच्याशीच लग्न करायला हवं होतं मी!"

५ मार्च



पटकथेत माझा चुकांचा फळा आहे. ज्याचं गणित सगळ्यात गमतीदार चुकेल, त्याचं गणित नावासकट बाजूच्या फळ्यावर आठवडाभर ठेवायचं – ही माझी पद्धत. सिनेमातली मुलं त्यासाठी भांडतात – "सर, माझी चूक लिहा ना!" एका मुलीच्या गणितात वडिलांचं वय उणे सात येतं. सर तिला जवळ बसवून समजावतात. ती पुढे इंजिनियर होते.

मुलगी खरी. उणे सातही खरं. पण वर्गात पहिला हसलो तो मीच! ते गणित मी महिनाभर पुसलं नाही. शाळाभर तिला 'उणे सात' म्हणायला लागले. मग ती यायचीच बंद झाली. मी घरी जाऊन साधी चौकशी केली नाही. हजेरीपटावरून नाव कमी केलं, संपलं.

गेल्या वर्षी दिग्दर्शकानं विचारलं होतं, "सर, तिचं पुढे काय झालं?" म्हणालो, "शिकली की. चांगली शिकली." जीभ कशी रेटली कोण जाणे.

९ मार्च

हिला सगळं सांगितलं. हिनं निवडायची भाजी बाजूला सारली. मग म्हणाली, "त्याला खरं सांगून टाका. पण मग सिनेमा राहील का?" तेच तर!

१७ मार्च

चित्रीकरण बघायला गेलो. तिचं काम करणारी पोर जवळ येऊन म्हणाली, "मला तुमच्यासारखे सर मिळायला हवे होते." पंख्याकडे बघत बसलो. स्वतःची किळस आली.

१८ मार्च

उद्या सांगणार. सिनेमा बंद पडला तर पडू दे.

१९ मार्च

सांगितलं. दिग्दर्शक मान खाली घालून ऐकत होता. म्हणाला, "माहीत होतं, सर. तुम्हाला विचारण्याआधी मी तिलाच भेटलो होतो. इस्त्रीचं दुकान आहे तिचं. पटकथेत इंजिनियर व्हायचं तिनंच ठरवलं. म्हणाली, सरांना कितीही चांगलं दाखव, पण सिनेमात तरी माझी शाळा पुरी होऊ दे."