खालच्या दांड्याची ट्रॉली

गुरुवार, संध्याकाळ

आज घाटकोपरला जाऊन पाण्याची ट्रॉली घेतली. टाकी, मोटर, पाइप, सगळं एकाच गाड्यावर. काचा धुवायला आता मी एकटा पुरतो. नऊ वर्षं माझ्यासोबत बादल्या वाहणाऱ्या दत्ताराम काकांना हेच सांगायचं होतं. आणि मी काय केलं? त्यांनाच ट्रॉली निवडायला घेऊन गेलो!

म्हटलं, दुकानात सांगू. कसलं काय! काकांनी दोन ट्रॉल्या पाणी भरून ओढल्या, फुटपाथवर चढवून पाहिल्या. दुकानदाराला झापलं, "चाकं मोठी दाखव, सोसायट्यांना पायऱ्या असतात." मग मला म्हणाले, "दांडो खालचोच घे रे. उंच माका झेपाचो नाय."

उंच दांड्याची माझ्या मापाची होती. तरी मी खालच्या दांड्याचीच घेतली. का? तर "काका, ओढायला तुम्ही नसणार" हे म्हणायला तोंड उघडेना. भित्रा साला.

टेम्पोत ती त्यांनीच चढवली. हसून म्हणाले, "चला, माजी कंबर वाचली."

उद्या सांगतो. सांगेन ना? परवापासून तो दांडा मलाच ओढायचाय, रोज, कमरेत वाकून.