नाना दुसऱ्यांच्या गाडीत

१० जानेवारी १९९७, शुक्रवार
कुंदा वन्सं पुण्याहून सहकुटुंब दाखल. रविवारी पानिपत, काला अंबचं युद्धस्मारक बघायला. लढाई संक्रांतीची, पण नवऱ्याला, अरुणला, त्या दिवशी सुट्टी नाही, म्हणून आपण दोन दिवस आधीच हरायला जाणार.
सासऱ्यांनी, नानांनी, आज दोनदा विचारलं, "सूनबाई, आपण नोएडात कधी आलो?" दोन्ही वेळा उत्तर दिलं. अरुण म्हणतो, वय झालं. मला भीती वाटते.

१२ जाने., रविवार
नऊ माणसं, एक व्हॅन. मांडीवर पोरं, पोरांच्या मांडीवर डबे. सासूबाईंच्या गुळाच्या पोळ्या दिल्ली ओलांडायच्या आत फस्त. वन्संचा धाकटा ओकला, माझ्या शालीवर. आमचा मंदार: "मम्मा, वहाँ हम हारे थे ना? फिर पिकनिक क्यों?"
मुरथलला ढाब्यावर पराठे. निघताना नाना नाहीत! नळापाशी, ट्रकांच्या मागे, शेतात, सगळीकडे हाका. सासूबाई बाजेवर बसून.
"आई, तुम्ही पाहिलंत?"
"पाहिलं की. चपला घालून निघाले."
"मग विचारलं नाहीत, कुठे म्हणून?"
"निघालेल्या माणसाला कुठे विचारतात का कधी?"
ओरडणार होते. पण मीही नसतंच विचारलं. आमच्यात विचारत नाहीत.
तासाभराने एक पांढरी व्हॅन आली, थेट आमच्यासारखी. पंजाबी कुटुंब, आमच्याहून मोठं. मागच्या सीटवर नाना, मांडीवर त्यांचं बाळ, हातात लाडू. त्यांच्यातल्या नवऱ्याला वाटलं बायकोकडचे कुणी, बायकोला वाटलं नवऱ्याकडचे. पानिपत जवळ आल्यावर त्यांच्या आजीने विचारलं, "बाबूजी, आप किसके साथ हैं?" नाना म्हणाले, "आपके."
हसून हसून पुरेवाट. आई हसल्या नाहीत. तिथूनच घरी परतलो.

१३ जाने., सोमवार
नाना विचारतात, ती मंडळी परत कधी येणार. फार छान होती म्हणे.
अरुण: "तू काही दिवस घरी राहशील?" मी: "तू?" नोकरीला वर्षसुद्धा झालेलं नाही माझ्या. वन्सं रडतात, पुण्याला न्यायचं नाव काढत नाहीत. सगळ्यांचा राग येतोय. नानांचाही. लिहायलाही लाज वाटते.

१९ जाने., रविवार
वन्सं मंडळी गेली. गेटला कुलूप आणलं, बाहेरून लावायला. कल्पना माझीच. एक किल्ली अरुणकडे, एक माझ्याकडे. आईंना द्यायची नाही, नाना मागतील आणि त्या देतील.

२० जाने., सोमवार
सकाळी कुलूप लावलं. नाना गेटशी, भांग पाडलेला, पायात चपला. "सूनबाई, उशीर होतोय मला." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.
मागे आई. आज चार वाजता पलीकडच्या ब्लॉकमध्ये हळदीकुंकू, त्यांनी साडीसुद्धा काढून ठेवली होती. मला आठवलंच नाही. सळ्यांतून हळूच म्हणाल्या, "त्यांना कोंडलंस ते समजलं गं. मी कुठे काय विसरते?"
ऑफिसला नेणारी चार्टर्ड बस हॉर्न देत होती. चढले.
आता जेवणाची सुट्टी. डबा उघडलेला नाही. साहेबांकडे अर्ध्या दिवसाची रजा मागायला जायचं, तर आज गेले म्हणजे उद्याही, आणि मग नोकरीच...