सत्तेचाळीस नंबरचा अंजन

१७ नोव्हेंबर २०२५, सोमवार

पोचले एकदाची! भोकरदनहून पिंपळगाव रेणुकाईपर्यंत काळीपिवळीत बारा माणसं, एक शेळी आणि मी. शेळीला खिडकीची जागा. तिथून पुढं मल्हारीच्या मोटरसायकलवर. दोन्ही बाजूंना कापूस वेचणाऱ्या बाया. मान वर करून कोण आली ते बघायच्या आणि पुन्हा कामाला लागायच्या. फार बरं वाटलं. परतूरला चुलत्याच्या सरकीच्या दुकानात बसून टोमणे ऐकण्यापेक्षा हजारपट बरं.

काम सरळ आहे. गावाच्या वरच्या अंगाला देवीची जुनी राई आहे, तिला कुणी कधी कुऱ्हाड लावलेली नाही. तिच्या खाली, गावाच्या बाजूला, वीस वर्षांपूर्वी लावलेलं जंगल आहे: गिरिपुष्प आणि सुबाभूळ, शाळेच्या प्रार्थनेसारखं रांगेत. दोन्हीकडं दोरीनं चौकोन आखायचे, आतलं प्रत्येक झाड मोजायचं, बुंध्याचा वेढा घ्यायचा, पत्र्याचा नंबर ठोकायचा. पाखरं, मुंग्या, कोळी, सगळ्यांची नोंद. जुन्या रानात जास्त जीव नांदतात की लावलेल्या, हे कागदावर दाखवायचं. त्यावर राई ठेवायची की साफ करून तिथंही रांगा लावायच्या, ते ठरणार.

राहायला मल्हारीच्याच घरात पुढची खोली. मल्हारी चाळिशीचा, माझा वाटाड्या. पूर्वी यांच्याकडं दोनशे मेंढरं होती, आता चार एकर आणि दोन शेळ्या. त्याची आई जयवंताबाई हिनं ज्वारीची भाकरी आणि ठेचा वाढला. मी किती दिवस राहणार, हे म्हातारीनं तीनदा विचारलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

काय राई आहे! अंजन, धावडा, सालई, मोह, बेल, बिबा. दीड तासात एकतीस जातींची झाडं लिहिली. खालच्या लावलेल्या रानात तेवढ्याच वेळात चार. मी एकटीच हसत होते वेड्यासारखी.

राईच्या तोंडाशी दगडांचा छोटा ढीग आहे. आत जाताना माणसानं एक दगड त्यावर ठेवायचा, बाहेर आल्यावर आपला उचलून फेकायचा. मल्हारीनं ठेवला. ताई, तुमचा बी ठिवा, म्हणाला. मी म्हटलं, ही काय रोजगार हमीची हजेरी आहे का? ठेवला नाही. ढिगात आधीचे पाच होते, शेंदूर लावलेले. ते कुणाचे, विचारलं. जे आत गेल्ते आन् आलेच न्हाईत, त्यांचे, म्हणे. त्यातला एक चपटा दगड त्याच्या थोरल्या भावाचा, अंगदचा. चौदा वर्षांपूर्वी मध काढायला गेल्ता. म्हातारी दर मंगळवारी त्यावर दूध घालते. आजचं दूध ओलंच होतं.

वाईट वाटलं. पण मनात हेही आलं, की हे सगळं मला घाबरवून पळवायला तर नाही? राईत मोजणी नको असणारी माणसं गावात असणारच.

२० नोव्हेंबर, गुरुवार

राईतला चौकोन पुरा. एकशेछत्तीस झाडं. दोनदा मोजली, दोनदा तेच. आता कोण चूक काढतंय ते बघते! मागच्या कामावर माझे आकडे जुळले नाहीत, आणि ‘सत्यशीलाबाईंनी आकडे मनानं भरले’ अशी माझी चुगली तिथल्या वाटाड्यानंच साहेबाकडं केली. मी भरले नव्हते. तरी हाकललं. आता त्याच साहेबानं शेवटची संधी दिलीय. या वेळी एकसुद्धा आकडा चुकला तर संपलं, पुन्हा सरकीचं दुकान.

सगळ्यांत देखणा सत्तेचाळीस नंबरचा अंजन. वेढा एक्याण्णव सेंटिमीटर, एका अंगाला जरा खाली कललेला, एक खांदा उतरल्यासारखा.

खाली खडक असल्यानं मधली खुंटी ठोकता येईना. दोरी बांधायला जड दगड हवा होता. राईतला दगड जागचा हलवायचा नसतो म्हणे. ढिगातला एक घ्या, असं मल्हारीच म्हणाला. आण म्हटलं, तर हात मागं घेतले. तुम्हीच उचला. दोरी नीट बसेल म्हणून मी चपटाच उचलला. कुणाचा आहे ते आठवत होतं, पण आठ दिवसांचा तर प्रश्न. मल्हारी माझ्याकडं बघत राहिला. ह्योच ना बराबर, असं दोनदा विचारलं आणि मग गाठ मारायला स्वतःहून बसला.

एवढा गोड का झालाय हा एकाएकी?

२२ नोव्हेंबर, शनिवार

एकशेपस्तीस.

सत्तेचाळीस नंबर नाही. बुंधा नाही, भुसा नाही, खड्डा नाही. जागेवर सपाट पाचोळा, आणि शेजारी माझा दोरीचा दगड. एक्याण्णव वेढ्याचं झाड रात्रीतून कापून नेतात, तेही एक काडी न सांडता? मल्हारीला झाप झाप झापलं. त्यानं मान खाली घातली. त्यानंच केलंय. मला खोटी पाडायची आहे.

नंबरांचे उरलेले पत्रे आता उशाखाली ठेवून झोपते.

२३ नोव्हेंबर, रविवार

सापडलं. खालच्या लावलेल्या रानात, वरून दुसऱ्या रांगेत, दोन सुबाभळींच्या मधे अंजन. वेढा एक्याण्णव. पत्रा सत्तेचाळीस. मी वाकडा ठोकलेला खिळासुद्धा तोच.

पत्रा काढून दुसऱ्या अंजनाला लावला असेल, असं म्हणणार होते. पण बुधवारी या रांगेचे फोटो काढलेत. तिथं मोकळी जागा आहे. फोटो पंधरा वेळा बघितला.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आता सहाव्या रांगेत. उताराच्या, म्हणजे घराच्या बाजूला. कालच्या जागेवर गवतसुद्धा मोडलेलं नाही.

मल्हारीला ओढत नेलं आणि दाखवलं. झाडापुढं पायातल्या चपला काढून उभा राहिला आणि लेकरासारखा रडला. भीतीनं नव्हे. मला रडणं कळतं. ते आनंदाचं होतं.

मला भीती वाटतेय. लिहून ठेवते म्हणजे बरं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

जयवंताबाई आज ढिगाकडं गेली नाही. चौदा वर्षांत पहिल्यांदा. दुधाची खीर केली. तीन ताटं वाढली आणि चौथं रिकाम्या पाटापुढं. अंगद कसा होता, विचारलं. म्हातारी भरभरून बोलली. लहानपणापासून कोकरं खांद्यावर वाहून त्याचा डावा खांदा उतरला होता, म्हणे. लांबून बी वळखू यायचा.

खीर तशीच ठेवून उठले.

मल्हारी म्हणाला, राईत एकशेछत्तीसच पाहिजेत ताई, कमी चालत न्हाईत. मी हा आकडा कुणालाच सांगितलेला नाही. वही कायम माझ्याजवळ असते.

२६ नोव्हेंबर, बुधवार

अंगणात आहे.

तुळशीजवळ. सकाळी दार उघडलं तर समोर. म्हातारी बुंध्याला कपाळ टेकून उभी होती. खिळा उपटून काढला होता तिनं. भोकात हळद भरली होती. पत्रा माझ्या तळहातावर ठेवला आणि मूठ दाबून धरली. माझा तुझ्यावर राग न्हाई, म्हणाली. तुझी माय असती तर तिनं बी आपल्या लेकरासाठी हेच केलं असतं, पोरी. आणि माझ्या तोंडावरून हात फिरवला. मायेनं! या बाईनं मायेनं हात फिरवला.

म्हणून तीनदा विचारलं होतं, किती दिवस राहणार.

निघाले. बॅग सोडून पिंपळगावच्या वाटेनं. तासभर चालले. वळण आलं, आणि राईचं तोंड.

परत फिरले. दोनदा. दोन्ही वेळा राईच —

दिवस बुडाल्यावर कुठं घर सापडलं. मल्हारी ओट्यावर बसला होता.

२७ नोव्हेंबर, दुपार

एकच उपाय. अंगदचा दगड आतून आणायचा, ढिगावर होता तिथं ठेवायचा. मीच उचलला, मीच ठेवीन. माफ कर म्हणेन. म्हातारीचं लेकरू पुन्हा आत जाईल हे कळतंय मला. तरी ठेवीन. मला जगायचंय.

ढिगात पाच दगड दिसले. पाच, म्हणजे बरोबर, असं म्हणून पुढं आले. आत आल्यावर डोक्यात उजेड पडला. एक तर मी उचलला होता. चार पाहिजेत. पाचवा नवा होता, शेंदूर ओला. मी कधीच ठेवला नव्हता. माझ्या नावानं कुणी —

अंगदचा दगड इथं नाही. दोरी नुसती पडलीय.

मल्हारी तोंडाशी उभा दिसतोय. हाका मारल्या. माझा दगड उचल, फेकून दे, पाया पडते तुझ्या. हात जोडून उभा आहे. उचलत नाही.

तीन वाजले असतील

मोजते. मोजलं की डोकं थाऱ्यावर येतं. एकेका झाडाला डोळ्यांनी धरून मोजलं. एकशेपस्तीस. पुन्हा. एकशेपस्तीस आणि —

मी उभी आहे ती सत्तेचाळीसची जागा.

बुटांवरून मुंग्या चढतायत. रांगेनं, घाई न करता. पाय उचलवत नाहीत. मुंग्या झटकाव्यात असंही वाटत नाही आता. डोक्यावर कुठंतरी पाखरू बसलंय. जवळ. फारच जवळ.

टेप हातात आहे. घेते.

नंबर — सत्तेचाळीस, पत्रा खिशातच आहे
वेढा — चौऱ्याहत्तर
जात —

एकूण एकशेछत्तीस. साहेबांना सांगा, या वेळी आकडा जुळला. बरोबर आहे. मी मनानं काहीच भर