बुडणारा माणूस हात मारते

११ जानेवारी
ब्लाऊजला हुक लावत होते, शाळेतून फोन. पूनम धावता धावता पडली. तालुक्याची स्पर्धा. विनोद भाऊजींच्या गाडीवर गेले. पोचले तर पोरगी झाडाखाली बसून बिस्कीट खात होती. "आई, तू काऊन आली? काई नाई झालं मले." नववीतली पोर, बापासारखी उंच झालेली, दोन्ही गुडघे सोललेले.
सर म्हणाले, उपाशीपोटी धावली, चक्कर आली. तिची मैत्रीण मला बाजूला घेऊन गेली. "काकू, चक्कर नव्हती ते. पळता पळताच डोळे फिरवले अन् लाकडासारखी पडली. मी हलवून राह्यली, हलवून राह्यली..." रडायला लागली.
हिचे बाबा असते तर तिथूनच दवाखान्यात नेली असती. मी घरी आणली.

१२ जानेवारी
सासूबाईंनी मीठ-मिरची ओवाळून चुलीत टाकली. ठसका आला नाही, म्हणजे नजरच. मग भाकर थापता थापता म्हणाल्या, "प्रमोदबी लहानपणी असाच करे. तलावात उडी मारली का एखाद्या टायमाले पांढरा पडून निंगे. मग आपोआप बरा."
लेकाचं हे इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. आणि प्र.नीही नाही. मला काय काय माहीत नव्हतं त्यांचं?

१५ जानेवारी
पूनमला घेऊन ग्रा. रुग्णालय. डॉक्टर मॅडम नवीन आहेत, पुण्याकडच्या असाव्यात. रक्त तपासलं, चांगलं निघालं. मग विचारलं, "घरात कुणी तरुण वयात अचानक गेलंय का?"
"नाई. हिचे बाबा गेले, पण ते बुडून. दोन वर्षं होतील पोळ्याला."
त्यांचा पेन थांबला. "पोहता येत नव्हतं का त्यांना?"
हसू आलं, खरंच. "मॅडम, ढिवर आहोत आम्ही, मासे धरणारे. त्यांचा जन्म तलावात गेला."
मॅडम हसल्या नाहीत. पूनमला झोपवून छातीला वायरी लावून पट्टी काढली. पट्टी बघत राहिल्या. परत काढली. म्हणाल्या, चंद्रपूरला हृदयाच्या डॉक्टरांकडे न्या, उशीर करू नका. तोपर्यंत धावणं बंद, पोहणं बंद.
बसमध्ये पूनम: "पोहणं काऊन बंद? मी तं पळताना पडली ना?"

२३ जानेवारी
चंद्रपूर. जेवढं समजलं तेवढं लिहून ठेवते.
हृदयाचा आकार बरोबर, झडपा बरोबर. बिघाड आतल्या विजेत. एक ठोका पडला की पुढच्यासाठी तयार व्हायला हिच्या हृदयाला वेळ जास्त लागतो. जोरात पळालं, पोहलं की ठोक्यांचा गोंधळ होतो, हृदय नुसतं थरथरतं, मेंदूला रक्त जात नाही, माणूस पडतो. कधी आपोआप सुरू होतं. कधी नाही. पाण्यात धोका सगळ्यात जास्त. जन्मतः असतं, आईकडून नाहीतर बापाकडून येतं. माझी पट्टी तिथेच काढली. चांगली आहे.
म्हणजे बापाकडून.
मीच विचारलं. "मग ते बुडले नाहीत?"
"आता खात्रीनं सांगता येणार नाही, ताई. शवविच्छेदनात हे दिसत नाही. पण तरबेज पोहणारा शांत पाण्यात बुडतो तेव्हा... शक्यता मोठी आहे."
गोळी रोज, एक दिवस चुकवायची नाही. काही औषधं हिला चालत नाहीत, म्हणून कुठल्याही डॉक्टरला, दुकानदाराला आधी हे सांगायचं. उलट्या-जुलाब लागले तर अंगावर काढायचं नाही. आणि प्र.च्या रक्ताच्या सगळ्यांची पट्टी काढायची.
रक्ताचं म्हणजे सासूबाई आणि भाऊजी. भाऊजी तर दिवसभर तलावातच.

२४ जानेवारी
पिऊन पाण्यात उतरला असेल, असं बोलले होते लोक. माझ्या तोंडावर नाही, पण बोलले. पोळ्याचा आदला दिवस होता ना. मी त्यांचं तोंड हुंगलं होतं त्या दिवशी, सगळ्यांसमोर. पाण्याचा वास. शेवाळाचा. बाकी काही नाही.
आता ओरडून सांगावंसं वाटतं गावात. पण आधी त्यांनाच सांगावंसं वाटतं. अहो, ऐकलं का, तुमची काही चूक नव्हती.

२ फेब्रुवारी
गोळीने पूनमचे पाय जड होतात म्हणे. दिवसभर सुस्त. मैत्रिणी पोलीस भरतीसाठी आतापासून सकाळी रस्त्याने पळतात, ही खिडकीतून बघते. काल विचारत होती, "कमरेएवढ्या पाण्यात तरी?" नाही म्हटलं. "बाबानं मले चालण्याच्या आधी पोहाले शिकवलं."
खरं आहे. पसरलेल्या तळहातावर तिचं पोट धरून पाण्यावर फिरवायचे. मी काठावरून ओरडायची, आणि ती दोघं हसायची. एकसारखं हसायची, दात दाखवून.
आज शिंगाडे विकायला बाई आली होती, उशिराचे, मोठे. घेतले नाहीत. प्र. डोंग्यात बसून पहिला शिंगाडा दातांनी सोलून मला द्यायचे, उकडलेला नाही, कच्चा. तो गोड लागायचा. तसे आता कुठून

९ फेब्रुवारी
भाऊजींना तिसऱ्यांदा म्हटलं पट्टीचं. जाळं विणत होते, मान वर नाही. "मले काई होत नाई, वहिनी. अन् निंगालं काई तं? धंदा सोडू? मंग खाऊ काय?" सासूबाईंची पट्टी मात्र काढून आणली. चांगली आहे. म्हणजे सासऱ्यांकडून आलं असेल. तेही कमी वयातच गेले, शेतात. साप चावला म्हणत. डाग कुणी बघितला होता कुणास ठाऊक.

१४ फेब्रुवारी
गादीखाली गोळ्या सापडल्या. थापड मारली मी तिला. आयुष्यात पहिल्यांदा. मग दोघी रडलो. ती म्हणे, "बाबाले मालूम नव्हतं तं किती चांगलं जगला तो. मलेबी नसतं मालूम झालं तं." मी म्हटलं, "अन् मी? मी काय करावं मंग?"
ती उठली, स्वतःच पाणी आणलं आणि माझ्या समोर गोळी घेतली.

१ मार्च
डॉक्टर मॅडम गावात आल्या, मी बोलावलं होतं. समाजमंदिरात बायामाणसं बरीच जमली. कुणी अचानक पडला, हलवून उठत नाही, श्वास नाही, तर काय करायचं ते दाखवलं. एकाने १०८ला फोन लावायचा, एकाने छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाबायचं, जोरात, भरभर, गाडी येईपर्यंत थांबायचं नाही. पाण्यातून काढलेल्याला तोंडाने श्वासही द्यायचा. "पोट दाबायचं नाही. उलटं धरून पाणी काढत बसायचं नाही. त्यात वेळ जातो."
तांदळाच्या पोत्यावर उशी ठेवून एकेकाने दाबून बघितलं. बाया हसत होत्या. भाऊजी मागे दाराशी उभे होते, ते पुढे आले. गुडघ्यावर बसले आणि दाबायला लागले. दाबत राहिले. मॅडम म्हणाल्या, छान, बस्स. थांबले नाहीत. घाम निथळत होता, केस कपाळावर. हसणं बंद झालं सगळ्यांचं. शेवटी पूनमने खांद्याला हात लावला. "काका."

२ मार्च
भाऊजी सकाळीच आले. उंबऱ्यावर बसले, चहा घेतला नाही.
"जाळं खुंटाले अटकलं होतं. भाऊ म्हणे, तू बस, मी काढतो. उतरला. दोनचार हात मारले अन्... बस. बुडणारा माणूस हात मारते, वहिनी. तोंड वर करते. आवाज देते. भाऊनं काईच नाई केलं. मले वाटलं, मस्करी करून राह्यला. म्हणून मी थांबलो थोडा."
मग म्हणाले, "काठावर आणून मी पोट दाबलं. सारेच म्हणत होते, पोट दाब. मी पोटच दाबत राह्यलो."
दीड वर्ष हा माणूस हे घेऊन माझ्या घराला मासे आणून देत होता. मी म्हटलं, "भाऊजी, तुमाले कोणी शिकवलं होतं का?" त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मी म्हटलं, "मंग."
पण मला आनंदही झाला, लिहायला लाज वाटते. घाबरले नाहीत प्र. शेवटी. ओरडले नाहीत. मी रोज मनात त्यांना ओरडताना ऐकायची.

१९ मार्च
भाऊजींनी पट्टी काढली. स्वतः गेले, सांगितलंही नाही. मॅडमचा फोन मला. धड चांगली नाही, धड वाईट नाही, अधलीमधली. रक्त तपासायला नागपूरहून बाहेर पाठवावं लागेल, पूनमच्या रक्ताबरोबर. उत्तर यायला वेळ लागेल. तोपर्यंत पाण्यात उतरू नये.
भाऊजी म्हणाले, "डोंग्यावरून टाकीन जाळं. उतरणार नाई. पोरीची शपथ."
अटकलं तर?
"तोडून टाकीन."

६ एप्रिल
उत्तर नाही अजून. मोहफुलं संपत आली. सगळं गाव सकाळी रानात, वास गावभर. पूनम सायकल हळूहळू चालवत शाळेत जाते, गोळी घेते. काल सरांनी तिला धावण्याच्या वेळा घ्यायला बसवलं. घरी येऊन खूप बोलली, बऱ्याच दिवसांनी.
आज ऊन उतरल्यावर तलावाकडे गेले. पाणी आटलंय, काठाचा चिखल भेगाळलाय. भाऊजी मधोमध डोंग्यात उभे, पाठ माझ्याकडे. तोच सदरा वाटला, तीच मान एका बाजूला कललेली, तसाच कंबरेतून वाकून जाळं फेकण्याचा झोक. इतके दिवस लक्षातच आलं नव्हतं, दोघे भाऊ मागून किती सारखे.
हाक मारायला तोंड उघडलं, आणि मिटलं.
त्यांनी वळून बघितलं असतं तर भाऊजीच असते.